पाय सावलीत, डोकं उन्हात

क्लेमॅटिसची वेल लावायची असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी, ही बाई मोठी नखरेल. तिला पाय गारव्यात लागतात आणि डोकं उन्हात. रोपं विकणाऱ्या म्हाताऱ्याने धाकटीला हे अगदी बजावून सांगितलं होतं. "खोल लावा, खोडाचा थोडा भाग मातीखाली जाऊ दे, वर फरशीचा तुकडा ठेवा म्हणजे मुळं तापायची नाहीत." धाकटीने मान डोलावली, रोप घरी आणलं आणि परसात भिंतीच्या पायथ्याशी सांगितलं तसं लावलं. फक्त एक विचार करायचा राहून गेला. तिच्या परसात ऊन येतच नव्हतं. ऊन होतं भिंतीच्या पलीकडे, आणि पलीकडे राहत होती तिची मोठी जाऊ.

झालं! वेल भिंत चढली, वरून एकदा वाकून बघितलं आणि खुशाल पलीकडे उतरली. मुळं हिच्याकडे, फुलं तिच्याकडे. पाणी घालायचं हिने, खत घालायचं हिने, आणि जांभळ्या फुलांनी भिंत भरायची ती मोठीची. हिच्या वाट्याला काय, तर भिंतीच्या कडेवर डोकावणाऱ्या दोन-चार फुलांच्या फिकट पाठी.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," धाकटीचा नवरा एकदा चहा पिता पिता म्हणाला.

"कुत्रं कुणाला म्हणता?" धाकटी फणकारली. "थोरली वहिनी आहे ती तुमची!"

नवऱ्याने कप खाली ठेवला आणि दुकानात निघून गेला. बायकांच्या भांडणात पडू नये एवढं शहाणपण त्याला आलं होतं, पण आता तर भांडणात पडावं की न पडावं हेही कळेना.

कारण त्या दोघी बोलत नव्हत्या. भिंत आली त्या दिवसापासून नव्हत्या बोलत.

घर मुळात एकच. बैठं, लांबट, रस्त्याच्या अंगाला दोघा भावांचं कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करायचं दुकान आणि मागे मोठं परस. धाकटी ह्या घरात आली तेव्हा तोंडातून शब्द फुटायचा नाही तिच्या. मोठीने तिला सांभाळलं. तिच्या केसांतला गुंता काढला, ताप आला तेव्हा उशाशी बसली, करपलेली भाजी "मीच गॅस मोठा ठेवला होता" म्हणून आपल्या अंगावर घेतली. दिवसातून शंभरदा विचारायची, "काय हवंय गं तुला? सांग की!" आणि धाकटी शंभरदा म्हणायची, "काही नाही."

हवं होतं तिला. स्वतःचं एक स्वयंपाकघर हवं होतं, लहानसं का असेना, जिथे हातून कप फुटला तर कुणी धावत येणार नाही. पण हे मोठीला सांगायचं कसं? जी इतकं करते तिला "मला तुमच्यापासून जरा सुटं व्हायचंय" कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून तिने ते फक्त नवऱ्याच्या कानात सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने ते भर पानावर सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

मोठीच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती म्हणाली, "गोगलगाय अन् पोटात पाय! इतकी वर्षं विचारतेय मी, काय हवंय, काय हवंय. आणि आतून हे शिजत होतं?"

धाकटीने तेव्हा म्हणायचं होतं की तसं नाहीये हो जाऊबाई. पण आयुष्यात कधी न बोललेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो बहुधा नको तोच. ती म्हणाली, "भिंत घालाल ती चांगली उंच घाला."

घातली. भाऊ मात्र तसेच राहिले. एकच दुकान, एकच स्टूल, चहाही एकाच किटलीतला. भिंत फक्त बायकांना पुरली.

मग वेल आली.

पहिल्या वर्षी वेल पलीकडे उतरली त्या सकाळी धाकटी मुळाशी पाणी घालत होती. भिंतीपलीकडे पावलं वाजली आणि थांबली. मग मोठीचा आवाज आला, जाडाभरडा, घरभर पुरणारा, धाकटीच्या ओळखीचा.

"काय गं? कोण तू? विचारलंस का कुणाला, चढून आलीस ती?"

धाकटीला वाटलं, आपल्यालाच विचारतेय. पण मोठी बोलत होती ती वेलीशी. धाकटीने इकडेतिकडे बघितलं, खाली वाकली, आणि मुळावरच्या फरशीला म्हणाली, जरा मोठ्यानेच म्हणाली, "ऊन शोधत गेलीय ती. कुणाला त्रास होत असेल तर ओढून घेऊ म्हणावं."

पलीकडे पानं सळसळली. मग, "राहू दे. आलीच आहेस तर राहा."

त्या दिवसापासून हा नियमच पडून गेला. एकमेकींशी बोलायचं नाही म्हणजे नाही. जे काय बोलायचं ते वेलीशी. मोठी शेंड्याशी बोलायची, धाकटी मुळाशी, आणि मधे ती बिचारी वेल दोघींचं ऐकत हलत राहायची.

"अगं, तुझ्या कोवळ्या पानांवर मावा चिकटलाय," मोठी म्हणायची. "खाली कुणाला पत्ता तरी आहे का?"

"वरच्यांना सांग," धाकटी मुळाला म्हणायची, "साबणाचं पाणी करा, पातळ करा, आणि ऊन उतरल्यावर मारा. भर उन्हात मारलंत तर पानं भाजतील."

"पातळच करतात सगळे. कुणाला अक्कल शिकवायची नाही म्हणावं."

एकदा फुलांच्या पाकळ्या कातरलेल्या दिसू लागल्या. मोठी इतकी चिडली, जणू तिचा शालू कुणी कुरतडला होता. धाकटीने रोपवाल्याला विचारलं आणि आल्यावर मुळाला सांगितलं, मागे चिमटा असलेले ते तपकिरी किडे आहेत, दिवसा लपतात. एक लहान कुंडी घ्यावी, तीत वाळलं गवत कोंबावं, काठीवर उपडी टांगावी, सगळे त्यात जाऊन निजतात. सकाळी लांब नेऊन झटकावी. दुसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला, "आलेत गं तुझे पाहुणे. गवताच्या गादीवर घोरत पडलेत!" आणि मोठी हसली. ते हसू ऐकून धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी ऐकलं होतं ते.

दुपारी कामं आटोपली की धाकटी परसात एक लाकडी स्टूल घेऊन भिंतीला डोकं टेकून बसायची. तिच्या बाजूला दुपारीही ओलसर, हिरवट उजेड असायचा, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा. पलीकडे मोठी खुर्ची ओढून बसायची आणि फुलांशी गप्पा मारायची. आज तू अगदी शाईसारखी जांभळी दिसतेस. ही बघ, हिच्या पाकळीवरून मधोमध एक गुलाबी रेघ गेलीय. अगं बाई, तुझ्यावर आज फुलपाखरू बसलंय, हलू नकोस. धाकटी डोळे मिटून ऐकायची. मिटल्या पापण्यांमागे हळूहळू जांभळा रंग भरत जायचा, आणि ऐकता ऐकता तिला वाटायचं की भिंत कापडाची झालीय, नुसती हाताने बाजूला केली की झालं. अर्धवट झोपेत ती पलीकडे जायचीसुद्धा. तिथे ऊन असायचं, खूप ऊन, आणि मोठी तिच्या केसांतला गुंता काढत असायची. जागी व्हायची तेव्हा मान अवघडलेली असायची आणि भिंतीचा चुना केसांना लागलेला.

तिने ती फुलं समोरून कधी पाहिली नव्हती. तरी विचारलं असतंत तर तिने एकेक पाकळी सांगितली असती.

अशी वर्षं गेली. तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर सरळ जाऊन बोलायचं की! रस्त्याने गेलं तर जेमतेम दुकानाला एक वळसा. पण ज्यांनी अबोला धरलाय त्यांना विचारा, सगळ्यात लांबचा रस्ता तोच असतो. आणि खरं सांगायचं तर धाकटीला भीती वाटायची. समोर गेलं आणि हेही तुटलं तर? वेलीमार्फत का होईना, दिवसातून चार शब्द कानावर पडत होते. ते गेले तर तिच्याकडे काय राहणार होतं?

ह्या वर्षी कळ्या कधी नव्हत्या इतक्या आल्या. मोठी रोज वर्दी द्यायची. "आज टोक जांभळं झालंय." "आज फुगलीय." मग एका सकाळी, "उद्या परवा उमलशील बघ तू!" त्याच सकाळी पलीकडे काहीतरी खुडबुड चालली होती, वेल वरपासून खालपर्यंत हलत होती. मधेच बारीकसा आवाज झाला, कट्, वाळकी काडी मोडावी तसा. मोठी बोलता बोलता थांबली. धाकटीला वाटलं, गेली असेल आत, दूध उतू जात असेल.

आणि दोन-तीन दिवसांत वेलीने माना टाकल्या.

असं काही धाकटीने पाहिलं नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत टवटवीत असलेली वेल सकाळी लोंबत होती, पाणी न मिळाल्यासारखी. पण पाणी तर होतं. तिने आणखी घातलं. पानांचे देठ काळे पडत चालले होते. ती तशीच चपला सरकवून रोपवाल्याकडे पळाली.

"मर रोग," म्हातारा म्हणाला. "ह्या वेलीला होतो. कुठे खोडाला इजा झाली की तिथून शिरतो. रडताय कशाला? खोल लावलीय ना? मग आजच्या आज जमिनीलगत कापा. सगळी. दया दाखवलीत तर मुळं जातील. कापलीत तर मातीखालून परत फुटेल. कधी तो तिचा प्रश्न."

घरी येऊन तिने कात्री हातात घेतली. पलीकडे सामसूम होती. मोठी बाजारात गेली असावी. थांबावं का, तिला वाटलं. ती येईल, खुर्ची ओढेल, मग मुळाला सांगू, वरच्यांना म्हणावं असं असं झालंय. पण म्हाताऱ्याचं "आजच्या आज" कानात घुमत होतं, आणि शिवाय, खरं तेच बोलावं, मोठी "नको" म्हणाली तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. न बोलता करून टाकणं तिला नेहमीच सोपं वाटायचं. तिने डोळे मिटले आणि कापली.

संध्याकाळी पलीकडे पावलं वाजली आणि भिंतीपाशी येऊन थांबली. धाकटी स्टुलावर बसली होती. आता बोलेल. ओरडेल. ओरडू दे, शिव्या घालू दे. पण काहीच आलं नाही. बऱ्याच वेळाने खुर्ची ओढत नेल्याचा आवाज झाला, भिंतीपासून लांब, घराकडे.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"वहिनी कशा आहेत?" तिने नवऱ्याला विचारलं, भांडी पुसता पुसता, सहज विचारावं तसं.

"बरी आहे. दादा म्हणतो, हल्ली गप्प गप्प असते." मग तो म्हणाला, "एवढं काय घेऊन बसलीस? वेलच ती. दुसरी आणू."

"तुम्हाला नाही कळायचं," धाकटी म्हणाली. तिला म्हणायचं होतं की दुसरी वेल भिंतीवर चढेपर्यंत मी काय करू. पुन्हा तेच झालं होतं ना! विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि एक दिवस समोरच्याच्या जिवावरच घाव. तिची फुलं, उद्या परवा उमलणारी, पाठीमागून येऊन कापून टाकली. गोगलगाय अन् पोटात पाय. आता मोठी तसं म्हणाली तर काय चुकलं?

एकच आशा होती. मुळं जगली, वेल पुन्हा वर चढली, भिंतीवरून डोकावली, तर मोठीला कळेल की मारली नव्हती, वाचवली होती. मग बोलेल ती. धाकटीने सगळा जीव त्या फरशीच्या तुकड्याखाली नेऊन ठेवला.

तिला आता रोज एकच स्वप्न पडायचं. आपण मातीखाली आहोत, अंधार आहे पण भीती वाटत नाही, आणि वर कुणीतरी चालतंय. ती हाक मारायला तोंड उघडायची तर तोंडातून आवाजाऐवजी पान यायचं.

पाऊसपाणी झालं, माती मऊ झाली, आणि एके सकाळी फरशीच्या कडेला एक कोंब दिसला. लालसर, आखडलेला, बाळाच्या मुठीसारखा. धाकटी जमिनीवर बसली आणि हसली, एकटीच. तिने कुणाला सांगितलं नाही. नजर लागेल असं वाटलं. आणि दुसऱ्या सकाळी कोंब नव्हता. मातीत नुसतं बोथट बूड, आणि भिंतीवरून खाली आलेली एक चमकदार रेघ, ओल्या बोटाने ओढल्यासारखी.

"मेल्या!" धाकटी किंचाळली. नवरा दुकानातून धावत आला, हातात छत्रीची काडी तशीच. "काय झालं? साप?"

"गोगलगाई!"

"हात्तिच्या!" म्हणाला आणि बायकोचं तोंड बघून पुढचं गिळलं.

मग युद्धच सुरू झालं. धाकटीने राख पसरली, ती दवाने भिजून गेली. अंड्याची टरफलं कुटून घातली, त्यांच्यावरून त्या रमतगमत आल्या. बाटलीचं बूड कापून मातीत कडं रोवलं. संत्र्याच्या साली उपड्या मांडल्या, सकाळी त्यांच्याखाली गोगलगाई सापडायच्या, कवचाच्या आणि बिनकवचाच्या, त्या ती वेचायची. तरी दुसरा कोंब गेला. रेघा सगळ्या भिंतीच्या वरून यायच्या. पलीकडे ऊन असलं तरी भिंतीच्या पायथ्याशी दगडांच्या गार फटी होत्या. तिथे दिवसभर झोपायच्या आणि इकडे जेवायला यायच्या. मोठीचेच पाहुणे ते. धाकटीला क्षणभर वाटलं, तिनेच तर नाही ना सोडल्या? आणि मग असा विचार आला म्हणून तिने स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली.

पुढे मात्र रेघा कमी होत गेल्या. का ते कळेना. साली उचलल्या तर खाली एखादीच, मग एकही नाही. तिसरा कोंब आला तो टिकला. बाटलीच्या कड्यातून वर आला, दोन पानं उघडली, मग आणखी दोन. पानाच्या देठाने आधाराची काडी पकडली, घट्ट, लहान मूल बोट पकडतं तशी.

धाकटीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पलीकडचा आवाज नव्हता. ती रोज ठरवायची, आज मुळाला सांगू, मोठ्याने सांगू, की वरच्यांना म्हणावं, आलीय हो परत. शब्द दातांपर्यंत यायचे आणि मागे फिरायचे. वेल चढली की बोलू. अर्ध्यावर आली की बोलू. आणि वेल अर्ध्यावर आली.

त्या दुपारी भिंतीला डोकं टेकून तिला डोळा लागला. स्वप्नात ती पुन्हा पलीकडे गेली. ऊन होतं, खुर्ची होती, भिंतभर फुलं होती, पण खुर्चीवर कुणी नव्हतं. फुलं सगळी तिच्याकडे तोंड करून वाट बघत होती, आता कोण बोलणार म्हणून.

ती दचकून उठली. संध्याकाळ व्हायला आली होती. केस सुटलेले, गालावर चुना. तशीच चपला घालून ती निघाली, दुकानावरून गेली. दोघा भावांनी एकदम माना वर केल्या आणि एकदम खाली घातल्या. मोठीचं दार उघडं होतं. तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर पाय परतले असते. ती घरातून चालत गेली, त्या ओळखीच्या खोलीतून, जिथे तिला ताप आला होता, आणि मागच्या दाराशी येऊन उभी राहिली.

पहिल्यांदा तिला भिंतच दिसली. वाळलेली वेल अजून तशीच होती, एक काडी काढली नव्हती, जागोजागी जुन्या पडद्याच्या मऊ पट्ट्यांनी बांधलेली. आणि खाली, पायथ्याशी, मोठी उकिडवी बसली होती. शेजारी पत्र्याची बादली. दगडाच्या फटीत बोट घालून एक गोगलगाय काढून तिने बादलीत टाकली, टण्.

मोठीने वर बघितलं. मग पुन्हा खाली बघितलं, आणि बादलीतल्या गोगलगाईला म्हणाली, "बघ गं, कोण आलंय. रस्ता सापडला वाटतं."

धाकटीने सवयीने खाली बघितलं. पण ह्या वेळी मधे वेल नव्हती, भिंत नव्हती, फरशीचा तुकडासुद्धा नव्हता.

"जाऊबाई," ती म्हणाली. "मी मारली नाही तिला. रोग झाला होता. कापली नसती तर मुळंही गेली असती. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तेव्हाही नव्हतं सांगितलं. चुकलं माझं."

मोठी उठायला गेली, उठवेना, तशीच मातीत बसली. "तू मारलीस? अगं, मी मोडली ती! कळ्या जड झाल्या म्हणून वर बांधायला गेले, जरा ओढली, कट् झालं. ह्या दांडगट हातांनी काही नीट होतं का कधी? कुणाला कळायला नको म्हणून पट्टीने गुंडाळून ठेवली. मग ती सुकली. मग भावजींनी सांगितलं, खालून कापलीय. म्हटलं, कळलं हिला. चिडली, आणि म्हणाली असेल, घ्या आता, बसा फुलं बघत."

"मी आणि चिडून? मला वाटलं, तुम्हीच चिडलात! इतके दिवस एक शब्द नाही..."

"कुणाशी बोलणार होते?" मोठीचा आवाज फुटला. "वेल कुठे होती?"

धाकटी तिच्याजवळ मातीत बसली. बादलीत गोगलगाई संथपणे एकमेकींवर चढत होत्या.

"आणि ह्या?"

"ह्या रोज संध्याकाळी भिंत चढून तुझ्याकडे निघतात. सगळं परस खातील तुझं, म्हणून वेचते. मारवत नाहीत. नाल्यापलीकडे सोडून येते. बहुतेक त्याच परत येतात मेल्या." तिने बादलीत डोकावून बघितलं. "बिचाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो."

"तुम्हाला कसं कळलं, कोंब येणार म्हणून?"

"कसला कोंब?"

"मग कशासाठी वेचत होता?"

"कशासाठी म्हणजे? तुझ्याकडे जात होत्या," मोठी म्हणाली, जणू ह्यात विचारण्यासारखं काय आहे.

धाकटीला हुंदका आवरेना. "फुटलीय हो ती. अर्ध्या भिंतीवर आलीय."

मोठीने मातीचे हात तसेच धाकटीच्या खांद्यावर टेकले आणि उठली. "चल. दाखव."

बादली हातात घेऊन ती निघाली. दुकानावरून जाताना भावांनी ह्या वेळी मानाही वर केल्या नाहीत; एकाने कुलपात चुकीची किल्ली घातली एवढंच. धाकटीच्या परसात मोठी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली. तो ओलसर हिरवा उजेड बघून ती दारातच थबकली. "इतका अंधार आहे गं इथे? आणि तू मला कधी सांगितलं नाहीस." मग ती कोंबापाशी वाकली, बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "नको. मी हात नाही लावत."

"लावा. फक्त ओढू नका."

मोठीने एका बोटाने पान उचललं. मान वळवली तेव्हा तिला ते स्टूल दिसलं. आणि स्टुलाच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथे, भिंतीचा चुना गेला होता. बाकी सगळी भिंत पांढरी, आणि तेवढी एक जागा घासून घासून गुळगुळीत, आतली वीट दिसत होती. मोठीने त्या विटेवर हात ठेवला.

"इतकं ऐकत होतीस?"

"तुम्ही वेलीशी बोलायचात. माझ्याशी थोडंच."

"वेलीला कान असतात का गं, वेडे?" मोठी म्हणाली, आणि स्टुलावर बसून तिने धाकटीला खाली आपल्यापुढे बसवलं, मातीचे हात पदराला पुसले आणि तिच्या केसांतला गुंता काढू लागली.